आउट काढावा की चाक बदलावे

वाहनाचे चाक म्हणजे एक वस्तू नव्हे, दोन. बाहेर रबराचा टायर आणि आत त्याला धरून ठेवणारी धातूची रिम. टायर फाटला, झिजला की कोणालाही दिसतो. रिम वाकते ती बहुधा आतल्या कडेला, गाडीच्या पोटाकडच्या बाजूला, आणि तिथे कोणी वाकून पाहत नाही. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आदळते, क्षणभर टायर रिमच्या कडेपर्यंत चेपला जातो आणि सगळा मार त्या कडेवर येतो. मग स्टिअरिंग थरथरते, ट्यूबलेस टायरची हवा दोन-तीन दिवसांनी उतरते, कधी चाक डुलताना दिसते. धंद्याच्या भाषेत रिमला ‘आउट’ आलेला असतो.

असा आउट काढून रिम पुन्हा चालवावी की ती टाकून नवी घ्यावी, यावर धंद्यातच दोन मते आहेत. एक मत महामार्गालगत प्रेस, लेथ आणि वेल्डिंगचा संच घेऊन बसलेल्या मिस्त्रीचे. दुसरे मत प्रयोगशाळेत चाके तुटेपर्यंत फिरवून पाहणाऱ्या अभियंता बाईंचे. दोघे एकाच चाकासमोर बसले की बोलणे साधारण पुढीलप्रमाणे चालते.

मिस्त्री : ताई, रिमला मार बसला की ती भंगारात, हे मला पटत नाही. आउट काढण्यात माझा जन्म गेला. लोखंडी रिम समोर आली की कडेवरून बोट फिरवूनच कळतं कुठं लागलंय ते. प्रेसवर घेतली, थोडी थोडी दाबली की सरळ होते. नवी घ्यायची तर गरिबाचा महिन्याचा किराणा जातो.

अभियंता : काका, लोखंडी रिमच्या कडेबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. फक्त सरळ झाली की नाही, ते बोटानं ठरवू नका.

लोखंडी रिम कमी कार्बनच्या पोलादी पत्र्याची असते. हा पत्रा लवचीक असतो. मार बसला तर तो तुटण्याआधी पुष्कळ वाकतो आणि थंड अवस्थेत दाबून मागे आणता येतो. कडेवरचा एखादा पोचा प्रेसने काढणे म्हणूनच रास्त दुरुस्ती आहे. मात्र एकाच जागी पत्रा पुन्हा पुन्हा वाकवला तर तो कडक होत जातो आणि शेवटी तिथेच फाटतो. तार वाकवून वाकवून तोडतात ती याच गुणामुळे. एकाच जागी दुसऱ्यांदा पोचा आलेली रिम परत करणे हे मिस्त्रीच्या प्रामाणिकपणाचे काम.

आउट दोन तऱ्हांचा असतो. चाक फिरताना कड डावी-उजवीकडे डुलते तो एक, आणि वर-खाली होते तो दुसरा. दोन्ही मोजायला घड्याळासारखा डायल गेज लागतो. चाक हबवर किंवा यंत्रावर बसवायचे, गेजचे टोक टायर बसतो त्या बैठकीला टेकवायचे आणि चाक हाताने सावकाश एक फेरा फिरवायचे. काटा जितका हलेल तितका आउट. अनेक मोटारसायकलींच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ही मर्यादा 2 मिलिमीटर दिलेली असते. मोटारींत ती सहसा याहून कमी असते आणि त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावी लागते. बोटाला जाणवणारा पोचा निघाला तरी गेजचा काटा अजून दीड मिलिमीटर हलतो, असे पुष्कळदा होते.

लोखंडी रिममध्ये खरी भीती कडेला नसते, ती मधल्या डिस्कवर असते. नटांची भोके, हवेसाठी ठेवलेल्या खिडक्या आणि डिस्क जिथे रिमला जोडलेली असते ती वेल्डिंगची रेघ या तीन ठिकाणी तडे जातात. नटाच्या भोकापासून निघालेली गंजाची तांबूस रेघ दिसली तर तिला डाग समजू नये. तडा पाणी धरतो आणि गंज बाहेर ओघळतो. किंवा नट ढिला आहे आणि धातू धातूवर घासतो आहे. भोके लांबट झालेली रिम भरून, पुन्हा ड्रिल करून वापरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बंदच व्हायला हवी.

मिस्त्री : बरं, लोखंडाचं झालं. मॅगच्या रिमला विस्तव लावू नका म्हणतात, ते का? माझे आजोबा बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचे. गोवऱ्यांच्या आगीत धाव लालभडक करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की आरे, तुंबा सगळं आवळून घट्ट. विस्तवाशिवाय चाक होतच नव्हतं.

अभियंता : तुमच्या आजोबांना धाव लाल होऊन सांगत होती, काका. आता पुरे, म्हणून. अॅल्युमिनियम सांगत नाही. ते वितळेपर्यंत रंग बदलत नाही. तुम्ही गॅसची ज्योत लावून ‘थोडं गरम केलं’ म्हणता, तेव्हा ते 150 अंशांवर आहे की 350 अंशांवर, हे डोळ्याला कसं कळणार?

इथे अभियंत्याचे म्हणणे धरावे लागते. ज्याला बाजारात अलॉय किंवा मॅग म्हणतात ते चाक बहुधा ओतीव अॅल्युमिनियमचे असते. त्यात सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम मिसळलेले असते. ओतल्यावर या चाकाला ताकद आपोआप येत नाही. ते सुमारे 540 अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही तास ठेवतात, पाण्यात झटकन थंड करतात आणि मग 150-160 अंशांच्या मंद उष्णतेत पुन्हा काही तास मुरवतात. या मुरवणीत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर पसरतात. चाकाची ताकद त्या कणांत असते. दुकानातल्या ज्योतीने चाकाचा एखादा भाग 200 अंशांच्या बराच वर गेला की हे कण एकत्र येऊन जाडे होतात आणि तो भाग मऊ पडतो. बाहेरून चाक तसेच दिसते, गोलही दिसते, रंग दिला की नव्यासारखे चमकते. पुढच्या खड्ड्यात ते नेमके त्या मऊ जागी वाकते.

वेल्डिंगने तर यापुढचे होते. आर्गॉन वेल्डिंगमध्ये धातू प्रत्यक्ष वितळवला जातो. टाक्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा आपली मुरवणी गमावतो आणि टाक्याच्या आत वायूचे बारीक बुडबुडे राहू शकतात. पूर्ण चाकाला पुन्हा भट्टी-पाणी-मुरवणी दिली तर ताकद परत येऊ शकते, पण त्यात चाकाचा आकार बदलतो आणि रस्त्याकडेच्या दुकानात हे होत नाही. बरेचसे वाहन-उत्पादक अलॉय चाक तापवणे, वेल्ड करणे आणि वाकवून सरळ करणे यांना मान्यता देत नाहीत. फक्त वरचे ओरखडे घासून रंग देण्याला देतात.

मिस्त्री : कंपन्यांना नवं चाक विकायचंय, त्या असंच म्हणणार. माझ्या हातून आतल्या कडेचे आउट काढलेली मॅग वर्षानुवर्षं फिरतायत.

अभियंता : फिरत असतील. आतल्या कडेचा लहान बाक, आऱ्यांपासून लांब, विस्तव न लावता, सावकाश दाबून काढलेला, आणि नंतर तडा तपासलेला, एवढं सगळं असेल तर मीही ते चाक हातात घेऊन पाहीन. पण आऱ्याला, हबच्या भागाला, नटाच्या भोकाला तडा असेल तर तिथे टाका मारू नका. तिथे चर्चाच नाही.

या ‘चर्चा नाही’ला आकडेमोडीचा आधार आहे. 15 इंची रिमवर चढवलेल्या साधारण टायरचा घेर सुमारे 1.9 मीटर असतो. म्हणजे किलोमीटरला चाकाचे 520 च्या आसपास फेरे होतात. पुणे ते कोल्हापूर हे अंतर साधारण 230 किलोमीटर; तेवढ्या एका प्रवासात चाक सुमारे 1 लाख 20 हजार वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आरा एकदा दाबला जातो आणि एकदा ताणला जातो. केसाएवढा तडा या प्रत्येक ताणाबरोबर किंचित उघडतो आणि किंचित पुढे सरकतो. त्याची वाढ बराच काळ डोळ्याला दिसत नाही, आणि शेवटचा टप्पा मात्र एखाद्या वळणावर क्षणात पार पडतो.

अलॉय चाकांच्या आघात-चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 7141 आहे. त्यात टायर चढवलेले चाक 13 अंशांच्या कलात बसवतात आणि त्याच्या कडेवर 230 मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. वजन किती, तर चाकावरच्या कमाल भाराच्या 0.6 पट अधिक 180 किलो. 500 किलो भाराच्या चाकाला 480 किलो. मार बसलेली कड वाकली, तिथे फाटली तरी चाक नापास होत नाही. मधल्या भागात आरपार तडा गेला, किंवा मिनिटभरात सगळी हवा गेली, तर नापास. मिस्त्रीच्या अनुभवाशी हे जुळते : कडेला मार खाणे चाकाच्या नशिबी धरलेलेच आहे. पण त्याच मानकाची दुसरी अट अशी की चाचणीतून गेलेले चाक, ते पास झालेले असले तरी, पुन्हा वाहनाला लावायचे नाही.

तडा शोधायला साबणाचे पाणी पुरत नाही. त्याने फक्त हवा गळणारा, आरपार गेलेला तडा कळतो. दुकानात करता येण्याजोगी खात्रीची पद्धत लाल रंगाची आहे. चाक रंग-ग्रीस काढून लख्ख पुसायचे, त्यावर तड्यात शिरणारा लाल द्रव फवारायचा, दहाएक मिनिटे थांबायचे, वरचा द्रव कापडाने पुसून घ्यायचा आणि मग पांढरी पूड फवारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटते, जणू आतून कोणी ओढत आहे. या द्रवाचे आणि पुडीचे डबे मोटारीच्या सुट्या भागांपेक्षा वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतात. बाक काढण्याआधी आणि काढल्यानंतर, अशी दोनदा ही तपासणी झाली पाहिजे. सरळ करतानाच नवा तडा जाण्याचा संभव मोठा असतो.

मिस्त्री : हे डबे मी ठेवीन. पण बदलायचं म्हटलं तरी नवं म्हणजे चांगलं, असं कुठं आहे ताई? स्वस्तातली मॅग येतात, मागं भार लिहिलेला नाही, कोणी ओतलं ते माहीत नाही. त्यापेक्षा माझी सरळ केलेली मूळ रिम बरी.

अभियंता : हे मात्र खरं आहे.

बदली चाक घेताना रुंदी आणि व्यास जुळला म्हणून चाक जुळले असे होत नाही. चाकावर ‘6J × 15 ईटी 45’ असे काही कोरलेले असते. 6 ही इंचांतली रुंदी, J हा कडेचा आकार, 15 हा व्यास. ईटी 45 म्हणजे चाक हबला टेकते ते पृष्ठ रिमच्या मध्यरेषेपासून 45 मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे. हा आकडा बराच बदलला की चाक बाहेर येते किंवा आत जाते, बेअरिंगवरचा भार सरकतो आणि वळताना टायर घासतो. नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास तंतोतंत लागतो. मधले मोठे भोक हबवर नीट बसावे लागते. सैल असेल तर जुळणारी कडी घालतात. शेवटी चाकाच्या मागे कोरलेली भारक्षमता. हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस 16192 हे भारतीय मानक आहे. त्या मानकाची खूण आणि भाराचा आकडा नसलेले चाक कितीही चकचकीत असले तरी घेऊ नये.

येथवरचा वाद पैशाचा आणि धातूचा होता. हवेचा प्रश्न वेगळा आहे, आणि जीव तिथेच जातात.

ट्रकच्या चाकात दर चौरस इंचाला 110 पाउंडांच्या आसपास दाबाची हवा असते. तळहाताएवढी जागा सुमारे 20 चौरस इंच. म्हणजे टायरच्या आतल्या प्रत्येक तळहातावर 2200 पाउंड, जवळपास एक टन दाब. जुन्या 20 इंची ट्यूबवाल्या रिममध्ये हा दाब एका बाजूला लोखंडी लॉक-रिंग धरून ठेवते. रिंग खाचेत पुरती बसलेली नसेल, खाच गंजून झिजलेली असेल किंवा एका मापाची रिंग दुसऱ्या मापाच्या रिमवर चढवली असेल, तर हवा भरता भरता ती सुटते. सुटलेल्या रिंगच्या वाटेत जे येते ते वाचत नाही. 22.5 इंची ट्यूबलेस रिमला रिंग नसते, पण तिथेही आतून पिचलेला टायर फुटू शकतो.

अमेरिकेत या कामासाठी 1980 पासून कामगार-सुरक्षेचा स्वतंत्र नियम आहे, आणि तो कुठल्याही पंक्चरवाल्याच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचा आहे. रिंगवाल्या चाकात हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच. नळीच्या टोकाला क्लिपचा चक, मध्ये झडप आणि गेज, आणि नळी इतकी लांब की भरणारा माणूस उडणाऱ्या भागाच्या वाटेबाहेर उभा राहील. ठरलेल्या दाबाच्या 80 टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला टायर आधी पूर्ण रिकामा करायचा, मग चाक आसावरून काढायचे; काढल्यावर टायर उतरवून आतून पाहायचा. वाकलेल्या, तडकलेल्या रिमच्या भागांना वेल्डिंग नाही, उष्णता नाही.

मिस्त्री : पिंजरा बनवायला काय, माझ्याच दुकानात होईल. पण गिऱ्हाईक उभं असतं, ‘लवकर करा’ म्हणतं. पोरगं रिंगेवर पाय ठेवून हवा मारतं, हातोडीनं रिंग ठोकतं. दहा वेळा ओरडलो असेन.

अभियंता : अकराव्या वेळी ओरडू नका, काका. पिंजरा बसवा आणि नळी तिथपर्यंतच पोचेल अशी ठेवा. मग बाहेर हवा मारायची सोयच उरणार नाही.

जोडचाकांत, मागच्या आसावर दोन चाके शेजारी-शेजारी असतात तिथे, आणखी एक सापळा आहे. आतल्या चाकाची रिम तडकलेली असेल तर बाहेरच्या चाकाचे नटच तिला एकत्र धरून असतात. नट सैल झाले की आतली हवा तिला फाडून बाहेर येते. म्हणून शंका असेल तेव्हा नटांना पाना लावण्याआधी दोन्ही टायरांच्या व्हॉल्व्हच्या पिना काढायच्या आणि भोकात तार घालून हवा खरोखर गेली आहे का ते पाहायचे. नुसता फुस्स आवाज थांबला, एवढ्यावर विसंबू नये. भोकात बर्फ किंवा घाण अडकूनही आवाज थांबतो.

टायर चढलेल्या रिमला वेल्डिंग करणे हा या धंद्यातला सर्वांत घातक प्रकार आहे. हवा काढलेली असली तरीही. धातू तापतो, आत चिकटलेले रबर जळू लागते आणि त्यातून पेट घेणारे वायू निघतात. बंद पोकळीत ते साचतात आणि स्फोट होतो. तो ज्योत बंद केल्यावर काही वेळानेही होऊ शकतो. टायर रिमवरून पूर्ण उतरवल्याशिवाय कोणत्याही कारणाने, जाम झालेला नट काढण्यासाठीसुद्धा, रिमला ज्योत लावू नये. यावर मिस्त्री आणि अभियंता यांचे मत पहिल्यापासून एकच आहे.

रस्त्यात चाक बदलणे मालकाच्याच हाती असते. सुट्या चाकाला आपण स्टेपनी म्हणतो तो शब्द वेल्समधल्या लनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तिथे 1904 मध्ये डेव्हिस बंधूंनी पंक्चर चाकावर अडकवण्याची आरे नसलेली रिम काढली. आज स्टेपनी सगळ्या गाड्यांत असतेच असे नाही. 2020 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार 3.5 टनांपर्यंतच्या ट्यूबलेस टायरच्या गाड्यांना, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर, ती सक्तीची नाही. काही गाड्यांत बारीक, तात्पुरती स्टेपनी येते. तिच्यावर बहुधा ताशी 80 किलोमीटरची मर्यादा छापलेली असते.

चाक बदलताना गाडी सपाट, घट्ट जमिनीवर घ्यावी. हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकावा, तिरप्या विरुद्ध चाकाला पुढे-मागे दगड लावावेत. गाडी उचलण्याआधीच नट अर्धा फेरा सैल करावेत. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतच. काढलेले चाक जॅकशेजारी गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे. जॅक घसरला तर गाडी चाकावर थांबेल. आणि गाडीखाली डोके, हात काहीही घालायचे नाही.

नटांविषयी मात्र दोघांचे पुन्हा एकदा वाजते.

मिस्त्री : पाइप घालून पाय देऊन आवळलेला नट कधी सुटत नाही.

अभियंता : सुटत नाही, तुटतो. आणि पुढच्या पंक्चरला गाडीवाल्या ताईला रस्त्यात तो निघतही नाही.

बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा काम करतो. त्याच्या ताणाने चाक हबला दाबून धरलेले असते. कमी ताण असेल तर चाक सूक्ष्म हलते आणि नट आपोआप निघत जातो. जास्त दिला तर बोल्ट कायमचा लांबतो आणि त्याचा ताणच जातो. छोट्या मोटारींत बहुधा 85 ते 120 न्यूटन-मीटर लागतात. 100 न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे 10 किलोचा जोर. पाइपावर उभ्या माणसाचा जोर त्याच्या कित्येक पट होतो. मोठ्या ट्रकच्या नटांना 600 च्या आसपास लागतात, तिथे मोजणारा टॉर्क पाना नसेल तर अंदाज फसतोच. आट्यांना पुस्तिकेत सांगितले नसेल तर तेल-ग्रीस लावू नये. घसरण वाढली की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. हबचे आणि चाकाचे टेकणारे पृष्ठ तारेच्या ब्रशने साफ करावे. तिथे गंज किंवा नव्या रंगाचा जाड थर असेल तर चालताना तो दबतो आणि नट सैल पडतात. नटाची बैठक चाकाप्रमाणे शंकूसारखी, गोल किंवा सपाट असते. लोखंडी चाकाचे नट अलॉयला तसेच वापरता येतील असे धरून चालू नये. नट हाताने बसवून, मग समोरासमोरचे आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. 50 ते 100 किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे. चाक बदलून देणाऱ्याने हे पावतीवर लिहून द्यावे.

शेवटी उरते ती नाकारलेली रिम. मिस्त्रीच्या दुकानामागे अशा रिमचा ढीग असतो. भंगारवाला वजनावर नेतो. त्यातली एखादी टाका मारून, रंग देऊन पुन्हा बाजारात येते आणि ज्याच्याकडे पैसे कमी तोच ती घेतो. अमेरिकी नियमात निकामी भागांवर तशी खूण करून ते कामाच्या जागेतून हलवायला सांगितले आहे. अभियंत्याने सुचवले, खूण रंगाची नको, ती पुसता येते. मिस्त्रीने ग्राइंडर उचलला आणि आऱ्याला तडा गेलेल्या चाकाची कड दोन ठिकाणी आरपार कापली. आता त्यावर टायर चढणार नव्हता.